फेरेट घरीं आणण्यापूर्वीं

घरांत एखादें जनावर पाळणें ही केवळ हौस आहे, असें समजण्याचा प्रघात आहे. परंतु ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, तेथें हौस एकाची, खर्च दुसऱ्याचा आणि कष्ट तिसऱ्याचे अशी वांटणी होण्यास फार दिवस लागत नाहींत. कुत्रें, मांजर, पोपट किंवा गाय यांच्या बाबतींत ही वांटणी निदान आधीं ठाऊक तरी असते; कारण त्यांच्या खोडी आणि गरजा आपल्या वडीलधाऱ्यांच्या अनुभवांत मुरलेल्या असतात. फेरेट नांवाच्या प्राण्याविषयीं मात्र आजीबाईच्या बटव्यांत कांहींच सांपडावयाचें नाहीं. आमचें एकत्र कुटुंब बरींच वर्षें मध्य इंग्लंडांतील एका गांवीं राहत आहे. आणि ह्या देशांत फेरेट पाळणें ही जुनी व परिचित गोष्ट आहे. आमच्या घरांत त्याची निवड कशी झाली, त्या वेळीं कोणते प्रश्न उभे राहिले आणि ते कसे सुटले, हें येथें सांगण्याचा विचार आहे. परदेशीं राहणाऱ्या मराठी कुटुंबांस त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल. स्वदेशींच्या वाचकांस निदान एवढें तरी पटेल कीं, जनावर पारखण्याआधीं घर पारखून पाहावें लागतें.

प्रथम ह्या प्राण्याची ओळख करून देतों. फेरेट पाहिल्याबरोबर आपल्या माणसाच्या तोंडीं पहिला शब्द येतो तो ‘मुंगूस’. तेंच लांबट अंग, तेच आंखूड पाय, तेंच सदैव कांहींतरी हुंगणारें नाक. परंतु हें साम्य वरवरचें आहे. मुंगसाचें कूळ वेगळें. फेरेट हा पाणमांजराच्या कुळांतला. युरोपांतील पोलकॅट नांवाच्या रानटी प्राण्यापासून माणसानें त्यास दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं माणसाळविलें असें मानतात, आणि तें सशांच्या शिकारीसाठीं. स्पेनकडील लोक सशांच्या उपद्रवास कंटाळून बिळांत असलीं जनावरें सोडीत, असें स्ट्रेबो ह्या प्राचीन ग्रीक भूगोलकारानें लिहून ठेवलें आहे. बिळाच्या एका तोंडानें फेरेट आंत सोडावयाचा आणि दुसऱ्या तोंडाशीं जाळें लावून बसावयाचें, ही रीत इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून अजूनही चालू आहे. नर साधारणतः एक ते दोन किलो वजनाचा, मादी त्याच्या निम्म्यानें. आयुष्य बहुधा ६ ते ८ वर्षांचें. दिवसाच्या २४ तासांपैकीं १४ ते १८ तास हा प्राणी झोंपेंत घालवितो; पण उरलेल्या तासांत त्यास घर पुरत नाहीं. आनंद झाला म्हणजे पाठीची कमान करून तो आडवातिडवा उड्या मारीत सुटतो, आणि त्याच वेळीं अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा घशांतल्या घशांत आवाज काढतो. त्याचें नांव लॅटिन भाषेंतील ‘चोर’ ह्या अर्थाच्या शब्दावरून आलें आहे, आणि तो त्या नांवास जागतो. किल्ल्या, मोजे, मुलांचीं खोडरबरें, जें हातीं लागेल तें ओढून नेऊन कोचाखालच्या आपल्या खजिन्यांत ठेवणें हा त्याचा कुळाचार आहे.

‘असें आहे तर मुंगूसच कां पाळूं नये?’ असें आमच्या नागपूरच्या आतेबहिणीनें विचारलें होतें. त्याचें उत्तर सरळ आहे. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मुंगसास संरक्षण दिलेलें आहे. त्यास पकडणें किंवा घरीं बाळगणें हा गुन्हा होय. मग नागपुरास फेरेट न्यावा म्हटलें, तर तेंही त्या जिवावर अन्यायाचें होईल. ह्या प्राण्यास अंगांतील उष्णता घामावाटे बाहेर टाकतां येत नाहीं. हवा ३० अंशांच्या पुढें गेली कीं त्यास उष्माघाताचें भय असतें. नागपूरचा वैशाख तर सोडाच, पण पुण्यामुंबईच्या उन्हाळ्यांतही त्याचे हाल होतील. इंग्लंडच्या थंड हवेंत देखील निर्धास्त राहतां येत नाहीं. १९ जुलै २०२२ रोजीं ह्या देशांत पारा ४०.३ अंशांवर गेला होता, आणि असल्या दिवशीं फेरेटास घरांतील सर्वांत गार खोलींत, फरशीवर, ओल्या पंचाच्या शेजारीं ठेवावें लागतें.

मुंगसाचा विषय निघाला म्हणजे पंचतंत्रांतील ब्राह्मणीची गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. पाळण्यांतील मुलाची राखण मुंगसावर सोंपवून ती पाण्यास गेली; परत येऊन पाहते तों मुंगसाचें तोंड रक्तानें माखलेलें. पुढें काय झालें तें वाचकांस ठाऊकच आहे. ज्या पांचव्या तंत्रांत ही गोष्ट येते त्याचें नांव ‘अपरीक्षितकारक’, म्हणजे पारख केल्यावांचून केलेलें कृत्य. आम्हांस असें वाटतें कीं, ही पारख मुंगूस घरांत आल्यानंतर करण्याची नसून येण्यापूर्वीं करावयाची आहे. मुंगूस कसें आहे एवढेंच नव्हे, तर आपल्या घरांत पाळणा आहे कीं नाहीं, आणि पाण्यास जाणारी एकटीच आहे कीं काय, हेंही त्या पारखेंत यावयास हवें.

पहिली पारख कायद्याची. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत व हवाई बेटांत फेरेट पाळण्यास बंदी आहे. तेव्हां तेथील मराठी कुटुंबांनीं हा विषय येथेंच मिटवावा. न्यू झीलंडमध्यें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सशांवर उपाय म्हणून हीं जनावरें मुद्दाम आणून सोडलीं गेलीं. ससे आटोक्यांत आले नाहींत. पण जमिनीवर घरटीं करणाऱ्या, उडतां न येणाऱ्या पक्ष्यांचा मात्र त्यांनीं संहार मांडला. २००२ पासून त्या देशांत फेरेटांच्या विक्रीस व पैदाशीस मनाई आहे. इंग्लंडांत तशी बंदी नाहीं. परंतु २००६ च्या प्राणिकल्याण कायद्यानें पाळणाऱ्यावर पांच गोष्टींची जबाबदारी टाकली आहे : योग्य निवारा, योग्य आहार, स्वभावानुसार वागण्यास मोकळीक, गरजेप्रमाणें सोबत किंवा एकांत, आणि दुःख व रोग यांपासून संरक्षण. हीं पांच कलमें आम्हीं कागदावर लिहून स्वयंपाकघरांतील कपाटास चिकटविलीं होतीं. पुढील सर्व चर्चा त्या कागदाखालींच झाली.

चर्चेचें कारण आमची धाकटी कन्या. तेव्हां ती ११ वर्षांची होती. शाळेंतील मैत्रिणीच्या घरीं तिनें फेरेट पाहिला, आणि त्या दिवसापासून घरांत दुसरा विषय उरला नाहीं. आम्ही घरीं एकंदर नऊ माणसें : आईवडील, आम्ही उभयतां, धाकटे बंधु व त्यांची पत्नी, आमचीं दोन मुलें, आणि बंधूंची त्या वेळीं सात महिन्यांची असलेली मुलगी. वडिलांस सारे घर अण्णा म्हणतें. एका रविवारीं जेवणें आटोपल्यावर अण्णांनीं सर्वांस बसवून घेतलें आणि एकेकाचें मत विचारलें. मुलें अर्थातच अनुकूल. बंधूंस लहानपणापासून जनावरांची आवड. आमचाही विरोध नव्हता. सर्वांचें बोलून झाल्यावर अण्णांनीं एवढेंच विचारलें, “पिंजरा रोज कोण साफ करणार?”

ह्या प्रश्नास कोणीं उत्तर दिलें नाहीं. परंतु क्षणभर सर्वांची दृष्टि एकाच दिशेस वळली. तान्ह्या मुलीसाठीं नोकरींतून रजा घेऊन धाकट्या सूनबाई तेव्हां दिवसभर घरीं असत.

अण्णांच्या नजरेंतून तें सुटलें नाहीं. ते म्हणाले, “तोंडानें कोणीं सांगितलें नाहीं, पण डोळ्यांनीं सर्वांनीं सांगितलें. तेव्हां ह्या बाबतींत पहिला शब्द सूनबाईंचा.”

सूनबाई लग्न होऊन आल्यापासून चार वर्षांत कोणासही नाहीं म्हणाल्याचें आम्हांस आठवत नाहीं. त्या दिवशीं मात्र त्यांनीं सावकाश पण स्पष्ट सांगितलें. “अण्णा, मला जनावराचें वावडें नाहीं. पण बाळ आतां रांगूं लागली आहे, आणि माझे हात दोनच आहेत. ती तीन वर्षांची होईपर्यंत नको. पुढें आणलाच, तर त्याचें एकही काम माझ्याकडे नको. खेळवायला मी आहेच.”

कन्येच्या डोळ्यांत पाणी आलें. दोन वर्षांहून अधिक काळ म्हणजे अकराव्या वर्षीं एक युगच. पण अण्णांनीं शब्द फिरविला नाहीं, आणि आम्हींही मध्यस्थी केली नाहीं. शास्त्रदृष्ट्याही सूनबाईंचें म्हणणें रास्त होतें. फेरेटानें तान्ह्या मुलांस झोंपेंत चावे घेऊन गंभीर जखमा केल्याचीं उदाहरणें वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहेत. लहान मूल व फेरेट यांस क्षणभरही एकटें ठेवूं नये, हा नियम सर्व जाणते लोक सांगतात. पंचतंत्रांत पाळण्याची राखण मुंगसाकडे होती. फेरेटाच्या घरांत पाळण्याच्या खोलीचें दार बंद असावें लागतें. आणि दार बंद ठेवण्याची आठवण नऊ माणसांपैकीं प्रत्येकास प्रत्येक वेळीं राहील, असें कोणत्या एकत्र कुटुंबानें छातीवर हात ठेवून सांगावें?

मधल्या काळांत एक चांगली गोष्ट घडली. टाकून दिलेल्या फेरेटांसाठीं ठिकठिकाणीं आश्रयगृहें आहेत; त्यांपैकीं एकांत कन्या बंधूंबरोबर दर शनिवारीं मदतीस जाऊं लागली. तेथें तिला पिंजरे धुण्याचें, नखें कापण्याचें, कान पुसण्याचें काम मिळालें. हौस म्हणजे काय आणि काम म्हणजे काय, यांतील अंतर घरांतल्या कोणत्याही उपदेशापेक्षां त्या शनिवारांनीं तिला चांगलें शिकविलें. तिच्याबरोबर जाऊं लागलेल्या दोन मुलींनीं महिन्याभरांत येणें सोडून दिलें, ती टिकली.

दुसरा मोठा प्रश्न आहाराचा, आणि तो आईंचा होता. आमच्या घरीं मांसमत्स्य शिजत नाहीं. फेरेट तर पक्का मांसाहारी. हा त्याच्या आवडीनिवडीचा भाग नव्हे. त्याच्या देहाची घडणच तशी आहे. त्याचें आंतडें आंखूड असून खाल्लेलें अन्न तीनचार तासांत बाहेर पडतें. म्हणून त्यास दिवसांतून आठदहा वेळां थोडेंथोडें खावें लागतें, आणि धान्य व भाजीपाला यांतील चोथा त्यास पचत नाहीं. दूध सोसत नाहीं. साखर मानवत नाहीं. मध्यम वयाच्या फेरेटांस स्वादुपिंडांत गांठी होण्याचा विकार पुष्कळदां जडतो, व त्यांत रक्तांतील साखर एकाएकीं उतरून जनावर निपचित पडतें. पूर्वीं लोक खाऊ म्हणून त्यास मनुका देत. आतां वैद्य त्याही नको म्हणतात.

हें सर्व ऐकल्यावर बंधूंनीं सुचविलें कीं, लहानपणापासून संवय लावली तर पनीर, डाळ अशा पदार्थांवर कां भागूं नये? आई जपमाळ बाजूस ठेवून म्हणाल्या, “नेम आपला, तो आपल्यापुरता. त्या जिवाला त्याच्या आंतड्यानें नेम घालून दिला आहे. तो मोडायला लावण्याचें पाप आपल्या माथीं कशाला? ज्याला त्याचें खाणें त्याच्यापुढें ठेवणें जमत नसेल, त्यानें तें जनावर आणूंच नये.”

आईंच्या ह्या बोलण्यांत आम्हांस धर्मशास्त्राचा व प्राणिशास्त्राचा निकाल एकाच वाक्यांत मिळाला. पुढें व्यवस्था ठरली ती अशी. मांसापासून केलेलें कोरडें दाणेदार खाद्य पिशव्यांतून तयार मिळतें. त्याचा डबा बागेंतील लांकडी कोठींत राहील. त्याचीं भांडीं निराळीं, व तीं बाहेरच्या नळावर धुतलीं जातील. स्वयंपाकघरांत व देवघरांत त्या प्राण्यास येऊं द्यावयाचें नाहीं. आणि प्रसादाचा पेढा, शिरा किंवा बेदाणा कोणींही प्रेमानें देखील त्याच्या तोंडांत घालूं नये. हा शेवटचा नियम आईंनीं स्वतः घातला. कारण घरांत सर्वांत सढळ हात त्यांचाच, आणि हें त्यांस पक्कें ठाऊक होतें.

बाळ तीन वर्षांची झाली त्या वसंतांत निवडीचा प्रत्यक्ष प्रसंग आला. येथें कांहीं गोष्टी क्रमानें सांगणें सोयीचें होईल.

पिल्लूं घ्यावें कीं मोठें जनावर घ्यावें? मादी सुमारें सहा आठवडे गाभण असते. पिलांचे डोळे जन्मल्यावर चारपांच आठवड्यांनीं उघडतात, आणि आठ आठवड्यांपूर्वीं त्यांस आईपासून तोडूं नये. पिल्लूं गोजिरवाणें असतें यांत शंका नाहीं. पण तें दांतांनीं जग ओळखतें, आणि चावूं नये हें त्यास धीरानें शिकवावें लागतें. मोठ्या जनावराचा स्वभाव बनून गेलेला असतो. तो हातांत घेतल्यावर कळतो. वृद्ध आणि लहान मूल ज्या घरांत आहे, त्या घरानें माणसांच्या हातास सरावलेलें, वयांत आलेलें जनावर घ्यावें, असें आमचें मत आहे. हातांत घेतल्यावर पहावयाचें तें हें : डोळे स्वच्छ व तेजस्वी असावेत, नाकास किंवा शेपटाखालीं घाण नसावी, अंगावर केस दाट असावेत. शेपटीच्या मुळाशीं केस विरळ झाले असतील तर कारण विचारावें. आणि झोंपेतून उठल्यावर त्यास कुतूहल वाटलें पाहिजे. ज्या फेरेटास कुतूहल नाहीं त्याची प्रकृति बरी नाहीं, असें खुशाल समजावें.

एक कीं दोन? त्याचा रानटी पूर्वज एकटा हिंडणारा. पण माणसाळलेला फेरेट सोबतीचा भुकेला असतो. दोघे एकमेकांच्या गळ्यांत गळा घालून झोंपतात, कुस्ती खेळतात. दिवसभर घर रिकामें राहत असेल तर एकट्याचे फार हाल होतात. दोघांस खर्च अधिक, पण काम दुप्पट नव्हे.

नर कीं मादी? नर अंगानें मोठा व बहुधा संथ. मादी लहान व चपळ. मादीच्या बाबतींत एक गोष्ट घरांतील सर्वांनीं जाणून घ्यावी. नराशीं संबंध आल्यावांचून तिचा ऋतु संपत नाहीं, व तो लांबत गेल्यास रक्त तयार करण्याची तिची शक्ति नष्ट होऊन ती मरण पावते. म्हणून पिलें नको असतील तर आधींच उपाय करावा लागतो. पूर्वीं सर्रास शस्त्रक्रिया करीत. परंतु त्यानंतर कांहीं वर्षांनीं मूत्रपिंडाजवळील ग्रंथींचा विकार होण्याचा संबंध दिसून आल्यानें हल्लीं पुष्कळ पशुवैद्य कातडीखालीं औषधाची बारीक गुटी बसवितात, व ती ठराविक काळानें बदलावी लागते. नरासही हाच उपाय करतात. त्यानें त्याचा उग्र दर्पही बराच कमी होतो.

दर्पाविषयीं मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. फेरेटास वास येतो. कस्तुरीची आठवण करून देणारा, जड, कपड्यांत बसणारा. तो केवळ शेपटाखालच्या ग्रंथींचा नसून सर्व अंगावरील तेलकट कातडीचा असतो. वारंवार न्हाऊं घातल्यानें तो कमी होण्याऐवजीं वाढतो, कारण गेलेलें तेल कातडी अधिक जोरानें पुन्हां तयार करते. खरा उपाय म्हणजे अंथरूण वरचेवर धुणें. ज्या घरांत उदबत्तीचा वास आणि पाहुण्यांची ये-जा नित्य असते, त्या घरानें जनावर आणण्याआधीं एखाद्या फेरेटवाल्याच्या घरीं जाऊन अर्धा तास बसून यावें. आमच्या आई अण्णांसह आश्रयगृहांत जाऊन तशा बसून आल्या. परत येतांना त्या एवढेंच म्हणाल्या, “गोठ्यापेक्षां निराळा, पण वाईट नाहीं.” त्यांचें बालपण कोंकणांत गोठ्याला लागून असलेल्या घरांत गेलेलें.

मग घराची झडती. ज्या भोंकांतून फेरेटाचें डोकें जातें त्यांतून तो सबंध जातो. म्हणून आमच्या बंधूंनीं गुडघ्यांवर रांगत सर्व घर फिरून धुलाईयंत्रामागील फट, नळांभोंवतींचीं भोंकें आणि जिन्याखालची फळी बुजविली. मागें कलणाऱ्या आरामखुर्चीच्या यंत्रांत शिरून कित्येक फेरेट चिरडून मेले आहेत. अण्णांनीं आपली तसली खुर्ची स्वतः देऊन टाकली. रबर चघळण्याची त्यास विलक्षण आवड असते, आणि तुकडा पोटांत गेला तर आंतडें बंद होतें. म्हणून रबरी चपला, खोडरबरें व चेंडू उचलून ठेवण्याची शिस्त मुलांस लागली. ही शिस्त आमच्या कोणत्याही बोलण्यानें लागली नव्हती.

शेवटीं रोगाचा विचार. कुत्र्यांस होणारा डिस्टेंपर नांवाचा ज्वर फेरेटास झाला तर तो बहुधा प्राणघातकच ठरतो; त्यावर लस टोंचून घ्यावी लागते. फेरेटाची माहिती असलेला पशुवैद्य जवळपास आहे कीं नाहीं, हें जनावर आणण्यापूर्वींच पहावें. आणि एकत्र कुटुंबानें विशेष लक्षांत ठेवावें असें म्हणजे, माणसाचा इन्फ्लुएन्झा फेरेटास होतो. १९३३ सालीं विल्सन स्मिथ, अँड्रूज व लेडलॉ या तीन ब्रिटिश संशोधकांनीं माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणु प्रथम ओळखला, तो फेरेटांवरील प्रयोगांतूनच. आणि १९३६ मध्यें आजारी फेरेटापासून एका संशोधकास तोच ताप आल्याचें प्रसिद्ध झालें. त्या ज्ञानाचा लाभ आज सर्व जगास मिळत आहे. नऊ माणसांच्या घरांत हिवाळ्यांत कोणी ना कोणी खोकत असतेंच. म्हणून ताप आलेल्यानें फेरेटांच्या खोलींत पाऊल टाकूं नये, असा नियम आहे.

इतकी पारख झाल्यावर आश्रयगृहांतून चार वर्षांचा एक नर आणि तीन वर्षांची एक मादी, आधींपासून एकत्र राहणारीं, अशीं दोघें आमच्या घरीं आलीं. पहांटे व तिन्हीसांजा हा त्यांच्या जागेपणाचा काळ; आणि एकत्र कुटुंबांत त्या दोन्ही वेळीं कोणी ना कोणी मोकळें असतें, ही गोष्ट त्यांस फारच मानवली. पिंजरा कन्या साफ करी, भांडीं थोरला मुलगा धुई, अंथरुणें बंधु धूत, वैद्याचें बिल आमच्याकडे. सूनबाईंकडे ठरल्याप्रमाणें कांहीं नव्हतें. त्या संध्याकाळीं दिवाणखान्यांत बसून बाळाला मांडीवर घेत, आणि दोघांची कुस्ती पाहून मायलेकी हंसत.

साडेतीन वर्षांनीं नर वारला. त्याचें वय झालें होतें. मादीनें खाणें सोडलें. वैद्यानें पातळ खाद्य करून दर तीन तासांनीं पिचकारीनें भरवावयास सांगितलें, रात्रींसुद्धां. कन्येची मोठी परीक्षा त्याच आठवड्यांत होती. वेळापत्रक कसें लावावें याची चर्चा आम्ही जेवणाच्या मेजाशीं करीत होतों, तों सूनबाई आंतून येऊन म्हणाल्या, “रात्रीच्या पाळ्या मी करीन. तान्ह्या मुलीच्या वेळची जागरणाची संवय अजून मोडलेली नाहीं.” सहा रात्री त्यांनीं त्या जिवास पंचांत गुंडाळून भरविलें. सातव्या दिवशीं ती आपण होऊन वाटीपाशीं गेली.

त्या दिवसापासून आम्ही वारंवार विचार करतों. जर त्या रविवारीं सर्वांच्या नजरेनें झालेला निकाल तसाच राहूं दिला असता, तर पिंजऱ्याचें काम सूनबाईंनीं निमूटपणें केलें असतें यांत संशय नाहीं. आपल्या घरांतून अशीं कामें निमूटपणेंच होत आलीं आहेत. पण त्या सहा रात्री त्यांस मिळाल्या असत्या काय, आणि त्या जनावरास तरी मिळाल्या असत्या काय? लादलेल्या कामांत हात चालतो. जीव ओततां येतो तो मनानें पत्करलेल्या कामांतच.

म्हणून वाचकांस विनंती आहे कीं, फेरेट असो, कुत्रें असो, वा पिंजऱ्यांतील पक्षी असो, जनावर आणण्यापूर्वीं घरांतील सर्वांस एकत्र बसवून तीन प्रश्न विचारावे. आपल्या हवेंत आणि आपल्या कायद्यांत तें सुखानें राहूं शकतें काय? त्याचा आहार आपल्या हातानें त्याच्यापुढें ठेवण्याची आपली तयारी आहे काय? आणि त्याचें काम ज्याच्यावर पडणार, त्यानें किंवा तिनें मनापासून होकार दिला आहे काय? तिसऱ्या प्रश्नाच्या वेळीं कोणाच्या तोंडाकडे न पाहतां सर्वांच्या डोळ्यांकडे पाहावें. उत्तर तेथें आधीं उमटतें. तिन्ही उत्तरें मनासारखीं आलीं, तर नर कीं मादी, पांढरा कीं तपकिरी, हा विचार मुलांवर खुशाल सोंपवावा.